हिंवाळा आणि आपलीं आश्रित जनावरें

दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या माणसाला हिंवाळा हा शत्रू कधींच वाटत नाहीं. उन्हाळ्यांत तो भाजून निघतो, पावसाळ्यांत चिंब होतो; हिंवाळ्याची मात्र तो पाहुण्यासारखी वाट पाहतो. शेतांत हुरडा तयार होतो, मंडईंत मटारच्या शेंगांचे ढीग पडतात, घरोघरीं डिंकाचे लाडू वळले जातात आणि वर्षभर पेटींत पडलेल्या शाली व स्वेटर बाहेर निघतात. अशा सुखाच्या ऋतूंत घरांतील कोणा जिवाला थंडीपासून धोका आहे असें म्हटलें, तर ऐकणाऱ्यास तें अतिशयोक्तीचें वाटेल. थंडीनें जनावरें मरतात तीं युरोपांत किंवा हिमालयांत, येथें नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

आंकडे मात्र या समजुतीला पुष्टि देत नाहींत. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्यांतील पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. समुद्राच्या उबेंत राहणाऱ्या मुंबईनेंहि २२ जानेवारी १९६२ रोजीं ७.४ अंशांची थंडी अनुभवली आणि नागपूरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं ३.५ अंशांची नोंद झाली. हे दिवस अपवादाचे होते हें खरें. परंतु अगदीं साध्या डिसेंबर महिन्यांतहि पुण्यासारख्या शहरांत दुपारचें तापमान २९-३० अंश असतें आणि पहाटे तेंच ११-१२ अंशांवर येतें. आकाश निरभ्र असल्यामुळें जमिनींत सांठलेली दिवसाची उष्णता रात्रीं झपाट्यानें वर निघून जाते. एका अहोरात्रांत सतरा-अठरा अंशांचा हा चढउतार होतो. माणूस त्या वेळीं खिडकी लावून, दुलई ओढून झोंपलेला असतो. दुपारीं उन्हांत ज्या फरशीवर कुत्रें पाय ताणून पडलेलें त्यानें पाहिलेलें असतें, तीच फरशी पहाटे चार वाजतां कशी लागते हें पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाहीं.

‘निसर्गानें जनावरांना अंगभर केंस दिले आहेत, मग त्यांच्या पांघरुणाची काळजी आपण कां वाहावी?’ असा प्रश्न पुष्कळ वेळां विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे आणि त्याचें उत्तर रस्त्यावरच पाहावयास मिळतें. गल्लींतील मोकळें कुत्रें थंडीच्या रात्रीं कोठें निजतें? विझलेल्या शेकोटीच्या राखेंत, बेकरीच्या भट्टीच्या भिंतीला चिकटून, वाळूच्या ढिगांत उकरलेल्या खळग्यांत किंवा नुकत्याच येऊन थांबलेल्या मोटारीखालीं. चार पिलें असलीं तर तीं एकमेकांच्या अंगावर रचून पडतात. सकाळीं कोंवळें ऊन्ह ज्या पायरीवर प्रथम पडतें त्या पायरीवर तें कुत्रें आधींच हजर असतें. निसर्गानें त्याला केंसांचें पांघरूण दिलें तसेंच जागा निवडण्याचें शहाणपणहि दिलें आहे, आणि या दोन देणग्यांपैकीं दुसरी अधिक मोलाची आहे.

बंगल्याच्या फाटकाशीं चार हात सांखळीनें बांधलेल्या कुत्र्यापाशीं ही दुसरी देणगी उरत नाहीं. वारा ज्या बाजूनें येईल त्या बाजूनें तो घ्यावयाचा, दंव पडेल तें अंगावर झेलावयाचें आणि फरशी थंड असली तरी तिच्यावरच निजावयाचें. पिंजऱ्यांतील पक्षी, गच्चीवर कोंडलेलें मांजर आणि दावणीची गाय यांची अवस्था हीच. ज्या घटकेस माणसानें जनावर बांधलें, त्या घटकेपासून त्याच्यासाठीं जागा निवडण्याचें काम बांधणाऱ्याच्या अंगावर आलें. आजच्या विषयाचें सार एवढेंच आहे. पुढें जें सांगावयाचें तें या एका कर्तव्याचा तपशील होय.

हा तपशील समजण्यासाठीं शरीराची उष्णता कशी निघून जाते हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. निरोगी कुत्र्याच्या अंगांतील उष्णतामान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतें. मांजराचेंहि जवळजवळ तितकेंच. माणसापेक्षां तें अधिक आहे. ही उष्णता चार वाटांनीं बाहेर जाते. थंड वस्तूला अंग टेंकलें कीं ती वस्तू उष्णता ओढून घेते. वाऱ्याची झुळूक अंगालगतची ऊबदार हवा उडवून नेते. उघड्या आकाशाखालीं अंगांतून उष्णतेचे किरण निघून जातात. आणि अंग ओलें असलें तर पाणी वाळतांना उष्णता खर्च होते. केंसांचें काम एवढेंच कीं, आपल्या दाटींत हवा अडकवून ठेवावयाची. अडकलेली कोरडी हवा हीच जनावराची खरी दुलई. केंस भिजले म्हणजे हवेची जागा पाणी घेतें आणि पाणी हें हवेच्या सुमारें पंचवीसपट अधिक उष्णता वाहून नेतें. म्हणून १५ अंशांच्या कोरड्या रात्रीं सुखानें निजणारें कुत्रें त्याच १५ अंशांत ओल्या अंगानें व वाऱ्यावर राहिलें, तर तासाभरांत कुडकुडूं लागतें. तापमापकाकडे पाहून ‘आज फारशी थंडी नाहीं’ असें म्हणणाऱ्या गृहस्थानें ओल, वारा आणि जमीन या तीन गोष्टी हिशेबांत धरलेल्या नसतात.

केंसांच्या कामगिरीविषयीं एक प्रसिद्ध प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९२५ सालच्या जानेवारींत अलास्कांतील नोम या गांवीं घटसर्पाची सांथ उद्भवली. औषध आगगाडीनें नेनाना या स्थानकापर्यंतच आणतां येत होतें. तेथून पुढचें ६७४ मैलांचें अंतर कुत्र्यांच्या घसरगाड्यांनीं तोडावयाचें होतें. सुमारें २० हांकणारे आणि १५० कुत्रीं यांनीं टप्प्याटप्प्यानें तें औषध साडेपांच दिवसांत नोमला पोंचविलें. वाटेंत कांहीं ठिकाणीं पारा शून्याच्या खालीं ५० अंशांच्या आसपास होता. या पराक्रमाची आठवण म्हणून बाल्टो नांवाच्या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें उभारला गेला. परंतु त्या प्रवासांत कांहीं कुत्रीं मेलीं, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाहीं. एका टप्प्यावर चार्ली एव्हान्स या हांकणाऱ्याच्या गाडीला पुढें जुंपलेलीं दोन कुत्रीं संकरित व आंखूड केंसांचीं होतीं. त्यांच्या जांघांना थंडी लागूं नये म्हणून सशाचें कातडें बांधावें लागत असे. त्या दिवशीं तें बांधलेलें नव्हतें. दोन्हीं कुत्रीं हिमदंशानें कोसळलीं. त्याच वाटेवर, त्याच थंडींत दाट केंसांचीं कुत्रीं तरलीं आणि आंखूड केंसांचीं पडलीं. ‘कुत्रें’ हा एक शब्द आहे, पण सगळ्या कुत्र्यांची थंडी एक नाहीं.

आपल्याकडे हा भेद ध्यानांत ठेवण्याचें विशेष कारण आहे. मुधोळचें कुत्रें किंवा आपल्याकडील कारवान हीं शिकारीच्या जातीचीं. बांधा शिडशिडीत, चरबी थोडी, केंस आंखूड आणि कातडें पातळ. धांवण्यांत त्यांचा हात धरणारें दुसरें नाहीं, पण रात्रभर एका जागीं बांधून राखणीस बसविलें तर थंडी त्यांना लवकर गांठते. उलट हिमालयांतील भोटिया कुत्र्याला दुहेरी केंसांचें कवच असतें. त्याला पुण्याची थंडी ही थंडीच वाटणार नाहीं, त्याचा खरा शत्रू आपला एप्रिल महिना. पमेरियनसारख्या लहान कुत्र्यास केंस पुष्कळ असले तरी देह चिमुकला असतो, आणि देह जितका लहान तितकी त्याची उष्णता लवकर उतरते. ससा थंडी बरीच सोसतो, मात्र त्याची जागा कोरडी व वाऱ्यापासून आडोशाची असली पाहिजे. तेव्हां शेजाऱ्याचें कुत्रें बाहेर निजतें म्हणून आपलेंहि निजेल, हा हिशेब बरोबर नव्हे.

जातीपेक्षांहि वय महत्त्वाचें. ‘भाद्रपदांतलीं कुत्रीं’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत हेटाळणीनें वापरला जातो, परंतु त्यांत एक अचूक निरीक्षण आहे. कुत्रीचा गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा. भाद्रपदांत गाभण राहिलेली कुत्री कार्तिकांत विते, आणि तिचीं पिलें डोळे उघडून रांगूं लागतात तीं नेमकीं थंडीच्या तोंडावर. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला पहिल्या आठवड्यांत कुडकुडतांहि येत नाहीं. कुडकुडणें ही शरीराची उष्णता उत्पन्न करण्याची क्रिया आहे. ती शक्ति त्या जिवांत अद्याप आलेली नसते. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या आसपासची हवा २९ ते ३२ अंश असावी लागते, आणि ही ऊब त्यांना आईच्या पोटाशींच मिळते. आई अन्न शोधावयास गेली आणि जमीन थंड असली, म्हणजे पिलू न ओरडतां, न हलतां गार पडत जातें. सकाळीं सांपडलेल्या अशा पिलाच्या तोंडांत घाईनें दूध घालणें हा दयेचा पण घातक प्रकार आहे. थंडावलेल्या पिलाचें पोट व आंतडीं कामच करीत नसतात; दूध पचत नाहीं, कित्येकदां तें श्वासनलिकेंत जाऊन पिलू दगावतें. आधीं तासा-दोन तासांत हळूहळू ऊब द्यावी, पिलू वळवळूं लागलें कीं मग अन्नाचा विचार करावा, आणि शक्य तितक्या लवकर तें आईपाशीं ठेवावें.

म्हातारीं जनावरें ही दुसरी नाजुक मंडळी. दहा वर्षांच्या कुत्र्याचे सांधे थंडींत आंखडतात. सकाळीं उठतांना तें अडखळतें, जिना चढावयास नाखूष होतें, आणि घरांतील माणसें त्याला आळशी ठरवितात. अशा कुत्र्यास रात्रीं घरांत घेणें, जाड गोधडी देणें आणि सकाळीं ऊन्ह चढल्यावर फिरावयास नेणें, एवढ्यानें त्याचे पुष्कळ क्लेश वांचतात. नुकतेंच आजारांतून उठलेलें, अंगानें वाळलेलें किंवा मूत्रपिंडाचा अथवा हृदयाचा विकार असलेलें जनावर याच वर्गांत मोडतें.

आतां निवाऱ्याविषयीं. सर्वांत उत्तम निवारा म्हणजे घर. ओसरीच्या आंत, जिन्याखालीं किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत दोन हात जागा दिली तर पुढील सर्व खटाटोप टळतो. तें शक्य नसेल तेथें लांकडी खोकें करावें. त्यांत जनावराला उभें राहतां यावें, वळतां यावें आणि अंग मुडपून निजतां यावें, इतकेंच तें मोठें असावें. थोर मनाचे गृहस्थ ऐसपैस घर बांधतात. परंतु त्या खोक्यांत ऊब निर्माण करणारी शेगडी म्हणजे जनावराचें स्वतःचेंच अंग, आणि एवढ्याशा अंगानें मोठी खोली तापत नाहीं. खोकें विटांवर किंवा फळ्यांवर ठेवून जमिनीपासून चार बोटें उचलावें, म्हणजे ओल वर येत नाहीं. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून जातो आणि थंडीच्या लाटेचा वारा बहुधा उत्तरेकडून येतो. म्हणून दार दक्षिणेस असलें तर ऊन्ह आंत येतें व वारा बाहेर राहतो. दारावर गोणपाटाचा पडदा सोडावा. शहाबादी फरशीवर नुसती सतरंजी टाकून भागत नाहीं. खालीं गोणपाट, त्यावर कोरड्या पेंढ्याचा वीतभर थर, ही आपल्या गोठ्यांतील जुनी रीत आजहि सर्वांत चांगली आहे. पेंढ्याच्या काड्यांत हवा राहते आणि जनावर त्यांत अंग रुतवून निजतें. सुती चादर ओल धरते आणि ओली झाली कीं उलट थंडावा देते. त्यापेक्षां जुनी घोंगडी बरी. आठ दिवसांनीं पेंढा बदलावा आणि अंथरूण रोज उन्हांत टाकावें, म्हणजे पिसवांचाहि बंदोबस्त होतो.

गाईबैलांच्या पाठीवर थंडींत गोणपाटाची झूल टाकण्याची पद्धत खेड्यांतून पूर्वापार आहे. त्याच धर्तीवर कुत्र्यासाठीं लोकरीचा अंगरखा शिवून घेण्यास हरकत नाहीं. मात्र तो पोटाखालपर्यंत यावा, पायांच्या हालचालीस अडथळा करूं नये, आणि भिजला कीं तत्काळ काढावा. आंघोळ दुपारीं ऊन्ह असतांना घालावी व अंग मुळांपर्यंत कोरडें करावें. हिंवाळ्याच्या तोंडावर लांब केंस कापूं नयेत, पण विंचरावे अवश्य. जटा झालेल्या केंसांत हवा राहत नाहीं. रात्रीं बाहेर राहणाऱ्या जनावरास या दिवसांत नेहमींपेक्षां कांहीं अधिक अन्न लागतें, कारण ऊब ही अन्नांतूनच निर्माण होते. घरांत गादीवर निजणाऱ्या जनावराला मात्र या सबबीवर वाढवून घालूं नये. पाणी ताजें असावें. रात्रभर अंगणांत राहिलेलें बर्फासारखें पाणी जनावरें टाळतात आणि तहानलेलीं राहतात.

मांजराची गोष्ट थोडी निराळी आहे. तें मूळचें उष्ण व कोरड्या प्रदेशांतलें. ज्या हवेंत त्याच्या शरीराला ऊब राखण्यासाठीं जादा श्रम पडत नाहींत ती हवा सुमारें ३० ते ३८ अंशांची असते. आपणांस जी हवा सुखद वाटते तींतहि तें चुलीपाशीं कां सरकतें, याचा उलगडा येथें होतो. शहरांत चुली राहिल्या नाहींत, तेव्हां मांजरें दुसरी ऊब शोधतात, आणि ती त्यांना मोटारीच्या यंत्रांत सांपडते. रात्रीं गाडी येऊन थांबली कीं खालून वर चढून तीं यंत्राशेजारीं निजतात. सकाळीं गडबडींत गाडी सुरू होते आणि पंख्याच्या पट्ट्यांत सांपडून त्यांचा भयंकर अंत होतो. थंडीच्या दिवसांत गाडी सुरू करण्यापूर्वीं झांकणावर दोन-तीन वेळां हातानें थाप मारावी, क्षणभर थांबावें आणि मग किल्ली फिरवावी. या सवयीला खर्च कांहींच नाहीं.

कित्येक वेळां थंडीपेक्षां थंडीवरचे उपायच जीव घेतात. खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटविली कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सांठतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं; माणूस आणि जनावर दोघेंहि झोंपेंतच जातात. पक्ष्यांना तो सर्वांआधीं बाधतो. याच कारणासाठीं ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत कॅनरी पक्षी नेत असत; पक्षी कोलमडला कीं खाणकामगार बाहेर धांवत. पिंजऱ्यांतील पक्ष्याला ऊब द्यावयाची तर पिंजरा गच्चींतून आंत घ्यावा, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावा आणि रात्रीं तीन बाजूंनीं जाड कापड टाकावें. पक्षी दिवसांहि पिसें फुलवून, मान आंत ओढून बसला तर त्याला थंडी वाजते आहे किंवा तो आजारी आहे असें समजावें. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यांत पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. हें बोलणें परदेशी जातीच्या, पिंजऱ्यांतच पैदास झालेल्या छोट्या पक्ष्यांपुरतें आहे.

दुसरा धोका पेटींतून बाहेर येतो. लोकरीच्या कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या खोलींत घरंगळतात आणि पिलू त्या खेळतां खेळतां गिळतें. कुत्रें व मांजर या दोघांनाहि त्या विषारी आहेत. तिसरा धोका औषधांच्या फडताळांतला. मांजर शिंकतें आहे, त्याचें अंग तापलें आहे असें वाटून कोणी त्याला पॅरासिटामॉलची गोळी देतो. माणसाला उतार देणारी ही गोळी मांजराचा प्राण घेते. तिचें विष पचविण्याची शक्ति त्याच्या यकृतांत नाहीं. कुत्र्यालाहि माणसाचीं औषधें वैद्याला विचारल्यावांचून देऊं नयेत. चौथा धोका मोटारीच्या यंत्रांत घालावयाच्या शीतक द्रवाचा. त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें गोडसर लागतें आणि जमिनीवर सांडलेलें चाटलें तर मूत्रपिंडें निकामी होतात. मांजराच्या बाबतींत चमचाभरहि पुरतें. अशा वेळीं ‘सकाळपर्यंत पाहूं’ म्हणणें म्हणजे जनावर गमावणें होय. उपचार पहिल्या कांहीं तासांतच उपयोगी पडतात.

जी मराठी कुटुंबें अमेरिका-कॅनडाच्या उत्तर भागांत स्थायिक झालीं आहेत, त्यांना या यादींत आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. तेथें रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. तें कुत्र्याच्या पंजांना चरे पाडतें आणि पंजे चाटल्यानें पोटांत जातें. फिरून आल्यावर कोमट पाण्यानें पाय धुवून बोटांच्या बेचक्यांतले बर्फाचे खडे काढावे लागतात. कुत्र्याच्या पायांत आंत येणारें थंड रक्त व बाहेर जाणारें उष्ण रक्त शेजारून वाहून उष्णतेची देवघेव करतें, अशी सुंदर योजना जपानी संशोधकांना आढळून आली आहे; म्हणून बर्फावर तें कांहीं काळ सुखानें चालतें. पण त्या योजनेलाहि मर्यादा आहे. दुसरें असें कीं, गोठलेल्या तळ्यावर कुत्र्याला मोकळें सोडूं नये. बर्फाचा थर वरून सारखा दिसला तरी सर्वत्र सारखा जाड नसतो.

एवढी काळजी घेऊनहि जनावर गारठलें तर काय करावें? प्रथम तें कुडकुडतें, पाय उचलून धरतें, अंग आंखडतें. या अवस्थेंत आंत घेऊन कोरडें केलें कीं काम भागतें. कुडकुडणें थांबलें, डोळे मंद झाले, चाल झोकांड्या खाऊं लागली, हिरड्या फिक्या पडल्या, तर घरच्या माणसांना वाटतें कीं आतां बरें वाटूं लागलें. प्रत्यक्षांत शरीरानें लढा सोडल्याचें तें लक्षण असतें. अशा वेळीं अंग हलक्या हातानें टिपून कोरडें करावें, घोंगडींत गुंडाळावें आणि कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यांत लपेटून पोट व छातीच्या बाजूंस ठेवाव्या. उघडी बाटली किंवा विजेची शेगडी अंगाला लागली तर बधिर कातडें भाजतें आणि जनावराला तें कळतहि नाहीं. पाय जोरानें चोळूं नयेत. ब्रँडीचे थेंब पाजण्याची जुनी समजूत तर सोडूनच द्यावी; मद्यानें कातडींतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि उरलीसुरली उष्णताहि निघून जाते. मग वेळ न दवडतां पशुवैद्यास गांठावें. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय स्थापन झालें. त्या काळीं हें शास्त्र मुख्यत्वें घोडे व गुरें यांच्यासाठीं शिकविलें जाई. आज लहान जनावरांवर उपचार करणारे वैद्य बहुतेक शहरांत आहेत. त्यांचा पत्ता व रात्रीं उपलब्ध असणाऱ्या दवाखान्याचा दूरध्वनि-क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा, हें उत्तम.

कायद्यानेंहि या कर्तव्याची दखल घेतली आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीं झाला. त्याच्या ११ व्या कलमांत मालकानें पुरेसें अन्न, पाणी वा निवारा न देणें, अवाजवी आंखूड किंवा जड सांखळीनें जनावर दीर्घकाळ बांधून ठेवणें, आणि नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणें, या गोष्टी क्रूरतेंत गणल्या आहेत. कायदा मारहाणीपुरता थांबलेला नाहीं. कांहींच न करणें हाहि अपराध होऊं शकतो, हें त्यानें मान्य केलें आहे. परंतु बंगल्याच्या कुंपणाआड पहाटे चार वाजतां कोणता शिपाई पाहणी करावयास येणार? तेथें मालकाची जाणीव हाच कायदा.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत पांडव हिमालयाकडे निघतात, तेव्हां एक कुत्रें त्यांच्यामागें चालूं लागतें. वाटेंत द्रौपदी पडते, भाऊ एकामागून एक पडतात. कुत्रें शेवटपर्यंत धर्मराजाबरोबर राहतें. स्वर्गाच्या रथांत कुत्र्याला जागा नाहीं असें इंद्र सांगतो, तेव्हां आश्रयास आलेल्यास टाकून स्वर्ग नको, असें धर्मराज उत्तर देतो. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्या कुत्र्याला तर कोणी बांधलेलेंहि नव्हतें; तें आपण होऊन मागें आलें होतें, तरी धर्मराजानें त्याचा भार पत्करला. ज्याला आपणच बाजारांतून किंवा स्नेह्याच्या घरून आणलें, ज्याच्या गळ्यांत पट्टा घातला आणि ज्याला रात्रीं राखणीस बसविलें, त्याच्याविषयींची जबाबदारी याहून अधिक आहे.

त्यासाठीं स्वर्ग सोडावयाचा नाहीं. मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत रात्रीं दार लावण्यापूर्वीं घरांतील एकानें, मग तो कर्ता पुरुष असो कीं शाळेंत जाणारा मुलगा, एकदां अंगणांत जावें. जनावर निजतें तेथें जमिनीला हात लावून पाहावा, वारा कोठून येतो तें पाहावें, अंथरूण कोरडें आहे कीं नाहीं हें चांचपावें. तळहाताला जें गार लागेल, तें त्या जनावराला पहाटेपर्यंत सोसावयाचें आहे. तें सोसवणारें नसेल तर सांखळी सोडावी आणि त्याला घरांत घ्यावें.